आफ्रिकेतली वर्तमानपत्रं: आधी छापखान्याचा मालक शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आफ्रिकेत छापखाना आणि वर्तमानपत्रं युरोपीय लोकांनीच आणली, मग तिथल्या पत्रकारितेचा इतिहास म्हणजे त्यांचाच इतिहास नाही का? नायजेरिया-घानात शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकी मालकांची इतकी वर्तमानपत्रं होती, तर सेनेगल, आयव्हरी कोस्टमध्ये ती का दिसत नाहीत? आणि प्रबंधासाठी सुरुवात कुठून करावी?

प्रश्न तीन असले तरी त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. ‘छापखाना कोणी आणला’ यावर तुमचं सगळं लक्ष आहे. जुनी वर्तमानपत्रं वाचायला आणि शिकवायला लागल्यापासून मी वेगळा प्रश्न आधी विचारते: या अंकाचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कोणाच्या मालकीचे होते, कागदाचे पैसे कोणी भरले आणि उद्या पोलीस आले तर कायद्याने कोणाला उचलतील? आपल्या वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानाच्या तळाशी ‘मालकासाठी मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले’ अशी बारीक टाइपातली ओळ असते. ती कोणी वाचत नाही. आफ्रिकेतला कुठलाही जुना अंक हातात आला की मी मात्र तिथूनच सुरुवात करते.

उत्तर जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतं, हे आधीच सांगून ठेवते. एवढ्या मोठ्या खंडाचा एकच इतिहास लिहायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. ब्रिटिश पश्चिम आफ्रिका, फ्रेंच पश्चिम आफ्रिका, गोऱ्या वसाहतवाल्यांचा केनिया, दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगीज वसाहती यांचं गणित वेगवेगळं आहे. इजिप्त तर आणखीच निराळा. कैरोजवळच्या बुलाकचा छापखाना आणि १८२८ साली सुरू झालेलं ‘अल-वकाई अल-मिस्रिया’ हे पत्र इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या स्वतःच्या राजवटीने काढलं. म्हणजे ‘युरोपीय लोकांनीच आणलं’ हे विधान सबंध खंडाला लागू पडत नाही.

छापखान्याच्या प्रवासाची एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. १५५६ साली गोव्यात उतरलेला आणि भारतातला पहिला ठरलेला छापखाना मुळात इथिओपियासाठी निघाला होता. जेझुइट मंडळी तिकडच्या मोहिमेवर चालली होती, वाटेत गोव्याला थांबली, तिकडे जाण्याचं जमेना आणि यंत्र गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजातच राहिलं. आफ्रिकेच्या वाटेवरचं यंत्र भारताच्या इतिहासात जमा झालं. ज्याच्या हातात पैसा आणि परवाना, तो नेईल तिकडे यंत्र जातं. म्हणून यंत्र कुठून आलं यापेक्षा ते कोणाच्या हाती राहिलं, हे पाहायचं.

आता पहिला प्रश्न. सुरुवातीची पत्रं खरोखरच सरकारी किंवा व्यापारी होती. केपटाऊनला १८०० साली ‘केपटाऊन गॅझेट अँड आफ्रिकन अ‍ॅडव्हर्टायझर’ निघालं ते वॉकर आणि रॉबर्टसन या व्यापाऱ्यांचं. दोघे गुलामांच्या व्यापारातही होते आणि अंकात सरकारी हुकमांच्या शेजारी गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती असत. तिथेच १८२४ साली ग्रेग, प्रिंगल आणि फेअरबर्न यांचं स्वतंत्र पत्र गव्हर्नर सॉमरसेटने बंद पाडलं आणि त्या झगड्यातून १८२९ साली केपमध्ये छपाईस्वातंत्र्याचा कायदा झाला. पण तोही गोऱ्यांचा गोऱ्यांशीच झगडा होता.

दुसरी वाट मिशनऱ्यांची. १८५९ साली आजच्या नायजेरियातल्या अबेओकुटा इथे हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने ‘इवे इरोहिन’ हे योरुबा भाषेतलं पत्र सुरू केलं. किंमत १२० कवड्या. हो, खऱ्याखुऱ्या कवड्या, त्या काळी तिथे चलन त्याच होत्या. अंकात चर्चच्या बातम्या, जन्म-मृत्यू, तिथल्या एग्बा लोकांच्या सरदारांच्या हालचाली, कापसाचा व्यापार. योरुबातल्या काही अक्षरांखाली टिंब लागतं, म्हणजे तसे खास खिळे पाडून घ्यावे लागतात. देवनागरीच्या काना-मात्रांनी ज्या कंपोझिटरांचा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांचा, घाम काढला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. असे खिळे एकदा केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, आले की भाषेचं लेखन कसं करायचं, हेही छापखान्यातच ठरायला लागतं. १८६७ साली एग्बा लोकांनी युरोपीयांना अबेओकुट्यातून हाकललं, छापखान्याचीही नासधूस झाली आणि पत्र संपलं. पण योरुबा वाचणारा वर्ग तयार झाला होता, तो कुठे जाणार नव्हता.

खरी गंमत तिसऱ्या वाटेवर आहे आणि तुमच्या प्रबंधाचा जीव तिथेच असावा असं मला वाटतं. ‘इवे इरोहिन’च्याही आधी, १८५७ साली, आजच्या घानातल्या अक्रात चार्ल्स बॅनरमन या स्थानिक माणसाने ‘अक्रा हेराल्ड’ काढलं, ते हाताने लिहून! छापखाना नाही म्हणून थांबला नाही. लायबेरियात १८२६ पासून ‘लायबेरिया हेराल्ड’ निघत होतं. १८३० पासून त्याचं संपादन जॉन रसवर्मने केलं, जो त्याआधी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्राचा संपादक होता. नायजेरियातल्या लागोसला १८९१ पासून ‘लागोस वीकली रेकॉर्ड’ चालवणारे जॉन पेन जॅक्सनही जन्माने लायबेरियाचे. म्हणजे फ्रीटाउन, मनरोव्हिया, अक्रा, लागोस अशी सबंध किनारपट्टीभर शिकलेल्या काळ्या माणसांची ये-जा होती. त्यांत वकील होते, पाद्री होते, व्यापारी होते, कंपोझिटर होते. गुलामीतून सुटून परतलेल्यांची मुलंनातवंडंही त्यांत होती. त्यांनी स्वतःच्या पैशाने टाइप विकत घेतले. यंत्र इंग्लंडचं असेल, पण त्यातून निघालेलं पत्र त्यांचं होतं. त्याला वसाहतवाल्यांचा इतिहास म्हणायला माझी तयारी नाही.

सरकारला हे लगेच उमगलं. लागोसमध्ये १९०३ साली वर्तमानपत्र कायदा आला आणि पत्र काढायचं तर २५० पौंडांची हमी मागण्यात आली. त्या काळात लहान मालकाचं कंबरडं मोडायला एवढी रक्कम पुरेशी होती. १९०९ साली राजद्रोहाचा कायदा झाला. टिळकांना मंडालेला धाडल्यानंतर अवघ्या वर्षभरात तिकडेही तेच हत्यार बाहेर निघालं, हे मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावं. हमी, नोंदणी आणि राजद्रोह हे त्रिकूट साम्राज्यात एका वसाहतीतून दुसरीकडे फिरत राहिलं. म्हणूनच ‘केसरी’च्या खटल्यांची ओळख असलेल्या मराठी विद्यार्थ्याला आफ्रिकेतले खटले पटकन समजतात. हा तुमचा फायदा आहे, तो सोडू नका.

एक खटला मात्र तपशिलाने वाचाच. न्नाम्दी अझिकिवे अमेरिकेत शिकून आले आणि अक्रात ‘आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट’चं संपादन करू लागले. मे १९३६ मध्ये वॉलेस-जॉन्सन या कामगार पुढाऱ्याचा, आफ्रिकी माणसाला देव आहे का, अशा मथळ्याचा जळजळीत लेख त्यांनी छापला. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, दोनच वर्षांपूर्वी राजद्रोहाचं कलम कडक झालेलं होतं. दोघांवरही खटले भरले. अझिकिवेंना खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण अपिलात ते सुटले. कशावर? तर त्या विशिष्ट तारखेला संपादक तेच होते, हे सरकार पक्षाला पुराव्याने शाबित करता आलं नाही! वॉलेस-जॉन्सनचं अपील थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि फेटाळलं गेलं. मुद्रक-प्रकाशक-संपादकाच्या नोंदीला मी इतकं महत्त्व का देते, ते यावरून कळेल. त्या बारीक टाइपावर माणसाचा तुरुंग अवलंबून असे. अझिकिवे पुढे लागोसला गेले, नोव्हेंबर १९३७ मध्ये ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’ काढलं आणि निरनिराळ्या शहरांतून पत्रांची साखळी उभी केली. १९४५ च्या सार्वत्रिक संपात सरकारने ‘पायलट’वर बंदी घातली. पुढे हाच संपादक नायजेरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शेजारच्या फ्रेंच वसाहतींचा. सेनेगलमध्ये वाचणारे कमी होते किंवा लोक उदासीन होते, असं समजू नका. १८८१ चा फ्रेंच छपाई कायदा फ्रान्समध्ये उदार म्हणून गाजला, पण पत्राचा जबाबदार व्यवस्थापक फ्रेंच नागरिकच हवा, ही अट त्यात होती. वसाहतींतले बहुतेक आफ्रिकी ‘प्रजा’ होते, नागरिक नव्हते. सेनेगलच्या सेंट-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार या चार नगरांतल्या रहिवाशांना काही राजकीय हक्क होते, म्हणून १९१४ च्या ब्लेझ डियान या आफ्रिकी पुढाऱ्याच्या निवडणुकीच्या सुमारास तिथे आफ्रिकी बाजूची पत्रं दिसतात. दाहोमे, म्हणजे आजचं बेनिन, हा दुसरा अपवाद. १९२७ पासून निघालेल्या ‘ला व्ह्वा द्यु दाहोमे’ने प्रशासनाला इतकं सतावलं की संचालकांवर मोठा खटला भरला गेला. बाकी ठिकाणी मैदान फ्रेंच मालकांना मोकळं होतं. डाकारचं ‘पारी-डाकार’ १९३३ मध्ये सुरू केलं ते शार्ल द ब्रत्य या फ्रेंच मालकाने. अक्रात पत्र काढणाऱ्याला खटल्याची भीती होती, तर त्या चार नगरांबाहेरच्या बहुतेक माणसांना पत्र काढण्याचा हक्कच नव्हता. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका अटीत आहे.

पोर्तुगीज वसाहतींबद्दल थोडक्यात. मोझांबिकच्या लोरेंसो मार्किशमध्ये, म्हणजे आजच्या मापुटोत, जुआंव आल्बासिनी यांनी ‘ओ आफ्रिकानो’ आणि नंतर १९१८ पासून ‘ओ ब्रादो आफ्रिकानो’ ही पत्रं पोर्तुगीज आणि रोंगा या दोन भाषांत चालवली. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीची सेन्सॉरशिप आली. गोव्यातल्या जुन्या संपादकांच्या आठवणी वाचल्या असतील तर ती कशी चाले हे वेगळं सांगायला नको.

केनियावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे छापखान्याच्या मालकीचा प्रश्न सगळ्यात उघडा दिसतो. आज तिथलं मोठं दैनिक असलेलं ‘स्टँडर्ड’ १९०२ साली मोंबासात ‘आफ्रिकन स्टँडर्ड’ या नावाने सुरू केलं ते आलिभाई मुल्ला जीवनजी यांनी, म्हणजे कराचीतून आलेल्या, युगांडा रेल्वेच्या कंत्राटांवर वर चढलेल्या भारतीय व्यापाऱ्याने. १९०५ मध्ये त्यांनी ते विकलं आणि तेच पत्र पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांचं मुखपत्र झालं. छापखाना तोच, मालक बदलला आणि अग्रलेख उलटा झाला. नंतर मणिलाल देसाई यांनी नैरोबीत ‘ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल’ चालवलं आणि तिथल्या किकुयू समाजाचे पुढारी हॅरी थुकू यांना त्या छापखान्याचा आधार मिळाला. मार्च १९२२ मध्ये थुकूंना अटक झाली, देसाईंच्या छापखान्यावरही गदा आली. १९२८ मध्ये जोमो केन्याटांनी, म्हणजे पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या पुढाऱ्याने, किकुयूत ‘मुइग्विथानिया’ हे मासिक संपादित करायला घेतलं. १९३३ पासून गिरधारीलाल विद्यार्थी यांचं ‘कलोनियल टाइम्स’ इंग्रजी-गुजरातीत निघायला लागलं आणि चाळीसच्या दशकात राजद्रोहाखाली विद्यार्थी तुरुंगात गेले. हेन्री मुओरियांचं किकुयू पत्र ‘मुमेन्येरेरी’ १९४५ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याच्या छपाईलाही विद्यार्थींचा छापखाना उपयोगी पडला. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी लागली, आफ्रिकी भाषांतली पत्रं बंद झाली आणि लंडनला गेलेले मुओरिया तिथेच अडकून पडले.

याच वर्तुळातले पियो गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेले, गोवेकर आईबापांचे, शिक्षण गोव्यात आणि धारवाडला, काही काळ मुंबईत नोकरी, गोवामुक्तीच्या कामात सहभाग. १९४९ मध्ये ते केनियाला परतले, ‘डेली क्रॉनिकल’मध्ये काम केलं, १९५४ पासून पाच वर्षं स्थानबद्धतेत काढली आणि सुटल्यावर आफ्रिकी राजकारणासाठी छापखाना आणि पत्रं उभी करण्यात स्वतःला झोकून दिलं. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, स्वतंत्र केनियात, नैरोबीतल्या घरासमोर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मराठी-कोंकणी वाचकांना हे नाव पाठ असायला हवं. ते फारसं कोणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक सावधगिरी. भारतीय छापखान्यांनी मदत केली, हे खरं. पण ‘आपण त्यांना पत्रकारिता शिकवली’ असला सूर लावू नका. छापखाना हा धंदाही होता. हँडबिलं, पावतीपुस्तकं, दुकानांच्या वह्या, लग्नपत्रिका या जॉबवर्कवर तो जगत असे आणि आफ्रिकी गिऱ्हाईक हे गिऱ्हाईकच होतं. कुठे मैत्री होती, कुठे रोकडा व्यवहार, कुठे दोन्ही. हे प्रत्येक पत्रापुरतं वेगळं तपासावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेत हाच धागा नातालमध्ये सापडतो. १९०३ साली, दोन महिन्यांच्या अंतराने, तिथे दोन पत्रं निघाली: जॉन डुबे यांचं झुलू ‘इलांगा लासे नाताल’ आणि ‘इंडियन ओपिनियन’. दुसऱ्याचा छापखाना मदनजित व्यावहारिकांचा, संपादक मनसुखलाल नाझर आणि तोटा भरून काढणारे गांधी. पुढे गांधींनी छापखाना दरबानहून फिनिक्सला हलवला, तो डुबे यांच्या ओहलांगेच्या शाळेपासून फार लांब नव्हता. पहिल्याच रात्री तेलाचं इंजिन चालेना, तेव्हा तिथल्या सुतारांना उठवून सगळ्यांनी पाळीपाळीने हाताने चाक फिरवलं आणि अंक वेळेवर काढला, असं गांधींनी स्वतः लिहून ठेवलंय. पत्र सुरू झालं चार भाषांत, पण तमिळ आणि हिंदी विभाग लवकरच बंद करावे लागले, कारण त्या भाषांतले संपादक आणि कंपोझिटर मिळेनात. १९१२ मध्ये गांधींनी जाहिराती घेणंच थांबवलं. त्याच वर्षी नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा ओहलांगेला डुबे यांच्या शाळेतही गेले आणि ‘इलांगा’ने त्या भेटीची दखल घेतली. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यासाठी हा एक अंकसुद्धा मोठा ऐवज आहे.

पैसा पत्राला कसं वळवतो, हे केप प्रांतात पाहा. जॉन टेंगो जबावूंचं ‘इम्वो झाबान्त्सुन्दू’ १८८४ मध्ये गोऱ्या उदारमतवादी मंडळींच्या भांडवलावर सुरू झालं. त्याला शह द्यायला १८९७ मध्ये ‘इझ्वी लाबान्तू’ निघालं, त्यात सेसिल ऱ्होड्स या हिरेखाणींच्या मालकाचा आणि केपच्या माजी पंतप्रधानाचा पैसा होता. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या लोकांच्या जमिनीच्या हक्कावर वरवंटा फिरवला, तेव्हा जबावूंनी त्या कायद्याची बाजू घेतली आणि वाचक गमावले. सोल प्लाट्ये या काळ्या संपादकाने मात्र आपल्या पत्रातून त्याविरुद्ध रान उठवलं. १९१२ मध्ये पिक्सली सेमे यांनी सुरू केलेलं ‘अबान्तू-बाथो’ १९३१ मध्ये बंद पडलं. पुढच्याच वर्षी बर्ट्रम पेव्हर या गोऱ्या व्यावसायिकाने काळ्या वाचकांसाठी ‘बान्तू वर्ल्ड’ काढलं, लवकरच आर्गस ही गोऱ्यांची बडी वृत्तपत्र कंपनी त्यात शिरली आणि ‘इम्वो’, ‘इलांगा’सारखी जुनी पत्रंही त्याच जाळ्यात ओढली गेली. तीसच्या दशकातली ही मालकीची उलथापालथ समजली नाही, तर त्या पत्रांचा बदललेला सूर कशाने बदलला, हे कळणारच नाही.

इथपर्यंतचं सांगणं एवढंच, की पत्राची भूमिका वाचण्याआधी त्याचा मालक, कायदा आणि जमाखर्च वाचा. स्वातंत्र्यानंतरही तीच फूटपट्टी वापरा. घानाचे स्वातंत्र्यनेते क्वामे एन्क्रुमा यांनी १९४८ मध्ये ‘अक्रा ईव्हनिंग न्यूज’ काढून इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं आणि १९६३ मध्ये त्यांच्याच सरकारने वर्तमानपत्रांना परवाना सक्तीचा केला. टांझानियात १९७० मध्ये ‘स्टँडर्ड’चं राष्ट्रीयीकरण झालं आणि संपादकपदी दक्षिण आफ्रिकेच्या पारशी कार्यकर्त्या फ्रीन जिनवाला आल्या. मालक सरकार असतानाही पत्र टोकदार राहू शकतं का, याचा तो प्रयोग होता. १९९१ मध्ये नामिबियातल्या विंडहूक इथे आफ्रिकी पत्रकारांनी स्वतंत्र आणि बहुविध मालकीच्या वृत्तपत्रांची मागणी करणारा जाहीरनामा केला. ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन त्यावरूनच आलाय.

शेवटी तुमचा तिसरा प्रश्न. सबंध खंड घेऊ नका, एक पत्र घ्या आणि त्याची पाच-सात वर्षं. मराठी माणसासाठी ‘इंडियन ओपिनियन’ सगळ्यात सोयीचं, पण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. माझा कल ‘कलोनियल टाइम्स’ आणि त्याच्या छापखान्यातून निघालेल्या आफ्रिकी पत्रांकडे आहे. गुजराती वाचता येत असेल तर फारच उत्तम, नसेल तर वाचून दाखवणारं कोणीतरी गाठा, कारण गुजराती पानांत मजकूर इंग्रजी पानांपेक्षा वेगळा असू शकतो आणि सरकारी अनुवादकाच्या नजरेतून काय सुटलं, ते तिथेच सापडतं. प्रत्येक अंकाची नोंद करताना अग्रलेखाआधी मुद्रक-प्रकाशकाचं नाव, छापखान्याचा पत्ता, पानांची संख्या, किंमत आणि जाहिरातदारांची नावं टिपा. जाहिराती अचानक आटल्या, पानं कमी झाली किंवा पत्ता बदलला, की त्या महिन्याच्या सरकारी कागदपत्रांत शोधा. हा तक्ता तयार झाला की विषयाची मांडणी ठरवायला बसू. तोवर कुठलं पत्र निवडलंत आणि त्याचे कोणते अंक कुठे मिळताहेत, ते कळवा.